कर भरला, मेहेरचं काय?

नोव्हेंबरमध्ये माझ्या दुलाभाईंचा इंतकाल झाला. जुलैमध्ये आपाचा फोन आला, "अरे, ह्यांचं इन्कम टॅक्सचं भरायचं राहिलंय म्हणतात. तू इंजिनियर, तूच बघ."

एका ओळखीच्याने सोपी वाट सांगितली : त्यांचा मोबाईल चालू आहे, पासवर्ड टाका, ओटीपी येईल, पाच मिनिटांचं काम. खरं सांगतो, मीही तेच करणार होतो. पण ओटीपी टाकणं म्हणजे सही करणं, आणि मयत माणूस सही करत नाही.

अमेरिकेत जोडीदार गेला त्या वर्षासाठी मागे राहिलेल्याला संयुक्त विवरणपत्र भरता येतं. आपल्याकडे नवरा-बायकोचं संयुक्त विवरणपत्र नाहीच. इथे बायकोने आयकराच्या पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करायची. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा जोडायचा. मंजुरी आली की एप्रिलपासून निधनाच्या दिवसापर्यंतचं उत्पन्न मयताच्या नावाने दाखवायचं. त्यानंतरचं ठेवींवरचं व्याज वारसांच्या उत्पन्नात येतं. कर निघालाच, तर वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते.

हे सगळं झालं. खरी अडचण पुढे होती.

आपा पदवीधर आहे, पण नवऱ्याची खाती किती आणि कुठे, हे तिला माहीत नव्हतं. "नॉमिनी मीच आहे, म्हणजे पैसे माझेच ना?" तिने विचारलं. नाही. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालकी वारसांची. मुलं असतील तर पत्नीचा हिस्सा १/८. दुलाभाईंची आई हयात आहे, तिचा १/६. उरलेलं मुलामुलींचं. आणि वाटणीच्या आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत.

कर्जाची यादी करताना मी मेहेरबद्दल विचारलं. आपा गप्प झाली. मग म्हणाली, "जनाजा उठताना बायकांनी माफ करायला लावली."

मला राग आला तो इथे. सरकारचा कर हेही मयतावरचं देणं आणि मेहेर हेही देणंच. पहिल्यासाठी आम्ही कागद जमवले, तारीख पाळली. दुसरं मात्र रडणाऱ्या बाईच्या तोंडून दोन शब्द वदवून मिटवलं. मेहेर माफ करणं हा तिचा हक्क आहे, पण तो राजीखुशीने वापरायचा; मय्यत समोर ठेवून, चार जणींच्या गराड्यात नव्हे. मयताच्या मानेवरचं ओझं उतरवायची इतकी घाई असेल, तर त्याच्याच पैशातून ते फेडावं. आम्ही घरच्यांना बसवून बोललो आणि वाटणीआधी आपाची मेहेर बाजूला काढली. तिच्या सासूबाईच सगळ्यात आधी हो म्हणाल्या.

त्या रात्री मी बायकोला माझी खाती, विमा, पॅन, कर्ज सगळं एका वहीत लिहून दिलं. स्वतःवर खूष होतो. तिने वही वाचली आणि विचारलं, "माझी मेहेर कुठल्या पानावर आहे?"

ती नऊ वर्षं बाकी होती. पुढच्या पगाराला दिली. तुमचा निकाह झाला असेल, तर आजच निकाहनामा काढून बघा. याला ३१ जुलै नाही, म्हणूनच ते राहून जातं.