ओटीवरील गोष्टी : आवडीचें कॉलेज न मिळाल्यास

आषाढ लागला कीं आमच्या ओटीवर पावसापेक्षां प्रवेशाच्याच गोष्टी अधिक होतात. कोणाच्या मुलीस किती पर्सेंटाइल पडले, कोणत्या फेरींत कोणाचें नांव लागलें, हें सारें आम्हांस न विचारतां समजतें. अडतीस वर्षें मास्तरकी केल्यावर लोक एवढा हक्क आपल्यावर गाजवणारच.

अशांतच एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्या लिहितात, "मुलाचें मन पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजावर बसलें आहे. यंदां तें मिळण्याचें चिन्ह नाहीं. आधीं दुसरीकडे नांव घालून मागाहून तेथें जातां येतें, असें कोणी सांगतात. यांत कितपत तथ्य आहे? कीं एक वर्ष घरीं बसवून पुन्हा परीक्षा देववावी?"

घरीं बसण्याविषयीं आम्हांस थोडें बोलण्याचा अधिकार आहे. आम्ही १९७४ सालीं जुन्या अकरावीची मॅट्रिक झालों. पुण्याच्या एका कॉलेजांत संस्कृत घेऊन बी. ए. व्हावयाचें, हें मनांत घट्ट बसलें होतें. तेथें जागा मिळाली नाहीं. जिल्ह्याच्या गांवच्या कॉलेजांत जागा होती, आणि वडील म्हणाले, "एक वर्ष येथें काढ, मग पुण्याचें पाहूं." आम्हीं ऐकिलें नाहीं. पुढच्या वर्षीं पुन्हा अर्ज करूं म्हणून माडीवर पुस्तक घेऊन बसलों. पुढचें वर्ष उजाडण्यापूर्वींच वडिलांस अर्धांगवायूचा झटका आला. मग कसलें पुणें आणि कसली बी. ए.! डी. एड. करून शाळामास्तर झालों. संस्कृत एका शास्त्रीबुवांच्या पायाशीं बसून शिकलों, त्यांत आम्हांस कांहीं कमी पडलें नाहीं. परंतु बढतीची गोष्ट निघाली कीं पदवीचा रकाना कोराच राही.

म्हणून २०२१ सालीं आमच्या पुतण्याच्या घरीं हाच वाद उभा राहिला, तेव्हां आम्ही गप्प बसूं शकलों नाहीं. त्या सालीं साथीमुळें दहावीची परीक्षाच झाली नव्हती. शाळांच्या मूल्यमापनावर निकाल लागला आणि राज्यांत शेंकडा ९९.९५ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. आमच्या चिरंजीवांस उत्तम गुण मिळाले, पण स्वतःच्या गुणांवर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता. पुतण्याचा बेत असा, कीं अकरावी-बारावीबरोबर मोठी शिकवणी लावावी, आणि सी. ई. टी. देऊन पुण्याचें कॉलेज गांठावें. मुलगा म्हणे, मी तंत्रनिकेतनांत जातों, डिप्लोमा करतों, आणि तेथून सरळ दुसऱ्या वर्षाला त्याच कॉलेजांत जाण्याचा प्रयत्न करतों.

पुतण्या आमच्याकडे वळून म्हणाला, "काका, आपल्या घराण्यांत डिप्लोमा कोणीं केला आहे?"

खरी गोम येथें होती. डिप्लोमा म्हणजे कारखान्यांतील हातकाम, तें आपल्यासारख्यांनीं करूं नये, असा एक समज आपल्या पांढरपेशा घरांतून अजून दबून बसलेला आहे. तो कोणी उघड बोलत नाहीं, म्हणूनच तो जात नाहीं.

सूनबाईंनीं वाद घातला नाहीं. वहीच्या पाठीमागें दोन ओळी मांडून त्यांनीं ती वही आमच्यापुढें ठेविली. अकरावी-बारावीचीं दोन वर्षें आणि पदवीचीं चार, मिळून सहा. डिप्लोम्याचीं तीन आणि दुसऱ्या वर्षापासून पदवीचीं तीन, मिळून सहाच. कारण डिप्लोमा झालेल्यास अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची सूट असते. शिवाय या वाटेनें जाणारास सी. ई. टी. द्यावी लागत नाहीं. डिप्लोम्याच्या गुणांवर राज्याची वेगळी गुणवत्ता यादी लागते. आणि मध्येंच कांहीं संकट ओढवलें, तर तीन वर्षांनीं हातांत एक पूर्ण पात्रता असते. बारावी होऊन थांबलेल्या मुलापाशीं तसें कांहीं नसतें. वडिलांच्या झटक्याची आठवण असणारास हें शेवटचें कलम विशेष पटलें, हें सांगावयास नकोच.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींचा मुलगा बारावी झालेला आहे. त्याच्यासाठीं ही वाट मागें पडली असें समजावें. त्याला उरते ती अशी, कीं मिळेल त्या कॉलेजांत पहिलें वर्ष करावयाचें आणि दुसऱ्या वर्षाच्या आरंभीं बदली मागावयाची. ही सोय आहे; पण ती रिकाम्या जागेवर अवलंबून असते, आणि दोन्ही संस्थांची नाहरकत व विद्यापीठाची संमति लागते. आतां पाहा : पुण्याचें १८५४ सालीं निघालेलें कॉलेज २०२२ पासून स्वतःच एक तंत्रशास्त्रीय विद्यापीठ झालें आहे. मुंबईची १८८७ सालची व्हीजेटीआय स्वायत्त आहे. अशा ठिकाणचे अभ्यासक्रम त्यांचे स्वतःचे असतात, तेव्हां बाहेरच्या मुलाचें पहिलें वर्ष आपल्या वर्षाशीं जुळतें कीं नाहीं, हें तेच ठरविणार. ज्या जागेसाठीं राज्यांतलीं मुलें धडपडतात ती रिकामी तरी किती पडावी? २०२१ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें श्रेयांकांची एक पेढी स्थापन केली. एका संस्थेंत मिळविलेले श्रेयांक तींत जमा राहतात आणि दुसरीकडे नेतां येतात. चांगली योजना आहे. पण पेढींत ठेव असली म्हणून हव्या त्या गल्लींत घर मिळतें, असें थोडेंच आहे?

आमची एक भाची कॅलिफोर्नियांत असते. तिच्या मुलीनें आधीं गांवच्या दोन वर्षांच्या कॉलेजांत शिकून तिसऱ्या वर्षाला मोठ्या विद्यापीठांत प्रवेश घेतला, आणि तिकडे याचें कोणास नवल वाटलें नाहीं. त्या प्रांतानें १९६० सालीं उच्च शिक्षणाचा जो आराखडा केला, त्यांतच ही वाट आंखून ठेविली आहे. राज्याच्या विद्यापीठाचें धोरणच असें, कीं पहिल्या वर्षाला दोन नवे विद्यार्थी घेतले तर एक असा बदलून आलेला घ्यावा. तेथेंही सर्व दारें सारखीं उघडीं नाहींत. विद्यापीठाच्या सहा शाखा ठराविक अटी पुऱ्या करणारास प्रवेशाची हमी देतात. बर्क्ली व लॉस एंजलिस देत नाहींत. परंतु कोणता विषय कोठें धरला जाईल, हें मुलांस आधीं पाहतां येतें. आपल्याकडे वाट आहे, पाटी मात्र पुढें गेल्यावर दिसते.

चिरंजीवांनीं शेवटीं जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनांतच नांव घातलें. तीन वर्षें त्यानें ज्या नेटानें काढलीं, तितका नेट आम्हीं आमच्या वर्गांत क्वचितच पाहिला. कारण उघड आहे. थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा मोजक्या, आणि नांवाजलेल्या कॉलेजांत नव्वदीच्या पुष्कळ पुढें गुण असल्यावांचून कोणी विचारीत नाहीं. २०२४ सालीं याद्या लागल्या. पहिल्या फेरींत त्याला दुसरेंच कॉलेज मिळालें. त्या रात्रीं तो जेवला नाहीं. पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें, आणि त्या पाहण्यांत तीन वर्षांपूर्वींचा वाद सगळा होता. पुढच्या फेरींत त्याचें कॉलेज मिळालें. शाखा मात्र संगणकाची नव्हे, विद्युत्-अभियांत्रिकीची. तो गेला.

आणि तिसऱ्या सत्रांत गणितांत नापास झाला. यांत त्याचा आळस नव्हता. ज्या पहिल्या वर्षाची त्याला सूट मिळाली, त्याच वर्षीं बाकीच्या मुलांचीं गणिताचीं दोन पुस्तकें होऊन गेलेलीं असतात. वरचें गणित त्यांवर उभें असतें. व्याकरण शिकलेल्यांस आम्ही एक गोष्ट सांगूं. मूळ शब्दाच्या जागीं जो आदेश येतो, त्याला मुळाचे बहुतेक सारे अधिकार मिळतात. पण जें कार्य मुळांतल्या प्रत्यक्ष वर्णावर अवलंबून असतें, तेथें ती सवलत चालत नाहीं. पाणिनीनें हा अपवाद मोठ्या जपणुकीनें राखिला आहे. गणित हें त्या जातीचें कार्य. म्हणून डिप्लोम्याच्या वाटेनें जाणाऱ्या मुलांनीं निकाल आणि प्रवेश यांच्यामधल्या दोन महिन्यांत पहिल्या वर्षाचें गणित उरकून घ्यावें. आम्हीं हें चिरंजीवांस वेळींच सांगितलें नाहीं, कारण तेव्हां आम्हांस तें ठाऊक नव्हतें.

भगिनींनीं मुलास घरीं बसवूं नये, असें आमचें मत. त्याला एक प्रश्न मात्र अवश्य विचारावा : बदली झालीच नाहीं, आणि हेंच कॉलेज चारही वर्षें राहिलें, तर तूं तेथें शिकशील काय? तो "हो" म्हणाला तर बिनदिक्कत नांव घालावें. तो नुसता पुण्याकडे डोळे लावून बसणार असेल, तर पहिल्या वर्षाचे गुणही जातील आणि बदलीही जाईल. अभ्यास नीट झाला, तर पदवीनंतर गेटची परीक्षा देऊन त्याच संस्थेंत एम. टेक. साठीं जाण्याचें दार उघडें राहतें, हेंही त्याच्या कानांवर घालून ठेवावें.

चिरंजीवांचा तो गणिताचा पेपर दुसऱ्या खेपेस सुटला. दिवाळींत आला तेव्हां ओटीवर पाहुणे बसले होते. पुतण्या त्यांस सांगत होता, "आमचा मुलगा पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत असतो." मुलगा आंतून पाण्याचा तांब्या घेऊन येत होता. तो तेथूनच म्हणाला, "दुसऱ्या वर्षापासून, काका. आधीं डिप्लोमा केला."