पायथनचा मेगाब्लॉक

रविवारी सकाळी घाटकोपरच्या फलाटावर ताटकळणाऱ्या माणसाला मेगाब्लॉक म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. गाडी रद्द झाली की तो चार शब्द हासडतो आणि रिक्षाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. दुरुस्तीसाठी गाड्या काही तास थांबवणाऱ्या याच ब्लॉकांच्या आडून मुंबईत एक अचाट काम पार पडले. १९२५ पासून लोकल १,५०० व्होल्टच्या डीसी विजेवर धावत होती. ती २५,००० व्होल्टच्या एसी विजेवर आणण्याचे काम पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये पुरे केले आणि मध्य रेल्वेने, हार्बर धरून, २०१६ मध्ये. तोवर दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणून वेळ निभावली. हे सगळे गाड्या चालू ठेवून झाले. प्रवाशाला काय दिसले? फारसे काही नाही. तीच गर्दी, तीच खिडकी.

सॉफ्टवेअरच्या जगातही असे काम रोज चालते. फरक एवढाच की तिथल्या ब्लॉकची सूचना वर्तमानपत्रात येत नाही, आणि रूळ बदलणाऱ्याला बहुतेक वेळा पगारही नसतो.

तयार कोडचा संच कुणीतरी लिहून ठेवतो, तो फुकट आणि खुला असतो, ज्याला हवा त्याने उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये बसवावा. याला लायब्ररी म्हणतात. अंधेरीच्या सीप्झमधल्या कंपनीपासून बोरिवलीच्या एका खोलीत चालणाऱ्या स्टार्टअपपर्यंत सगळ्यांचा डोलारा अशा शेकडो लायब्रऱ्यांवर उभा असतो. लायब्ररी ज्या भाषेत लिहिली ती भाषा बदलली, की प्रत्येक लायब्ररी कुणीतरी बसून, ओळ न् ओळ तपासून, नव्या आवृत्तीशी जुळवून घ्यावी लागते.

यातले सर्वांत गाजलेले स्थित्यंतर पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे. ३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३.० आली आणि तिने जुन्या कोडशी असलेला करार जाणूनबुजून मोडला. पायथन २ ला आधी २०१५ पर्यंत मुदत होती. जग तयार नाही हे पाहून ती २०२० पर्यंत वाढवावी लागली. एका भाषेची एक पायरी चढायला अकरा-बारा वर्षे लागली. ‘चालत होते ना, मग हात कशाला लावला?’ असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत.

मराठी माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. ‘मराठी’ हा शब्द घ्या. आपल्या लेखी त्यात तीन अक्षरे. संगणकाच्या युनिकोडमध्ये म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे. आणि साठवताना यूटीएफ-८ पद्धतीने प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे पंधरा. पायथन २ ला साध्या मजकुराची लांबी विचारली तर उत्तर यायचे १५. नाव दहावर कापा म्हटले, तर चौथ्या चिन्हाचा एक लचका हातात यायचा आणि पडद्यावर चौकोन नाहीतर प्रश्नचिन्ह उमटायचे. पायथन ३ मध्ये मजकूर हा मुळातच युनिकोड. उत्तर येते ५. तीनवर अजून यायचे आहे, पण पंधरापेक्षा पाच बरे. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे तिकडच्या बहुतेकांना हा घोळ जाणवलाच नव्हता. करार मोडण्यामागचे मोठे कारण हेच होते, आणि ते रास्त होते.

कोड जुळवताना खरा त्रास कशाचा होतो, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. ‘प्रिंट’ या आज्ञेला पायथन ३ मध्ये कंस लागतो. तो विसरला तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे बोंब मारतो. बोंब मारणारी चूक ही भली चूक. भीती गप्प राहणाऱ्या चुकीची. पायथन २ मध्ये ५ भागिले २ म्हणजे २. पायथन ३ मध्ये २.५. प्रोग्रॅम दोन्हीकडे विनातक्रार चालतो, फक्त उत्तर वेगळे. आता कल्पना करा की हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आहे. किंवा रकमेचा एक रकाना रिकामा राहिला आहे: जुनी पायथन रिकाम्या किमतीला कुठल्याही आकड्यापेक्षा लहान मानून यादी निमूट लावून द्यायची, नवी साफ नकार देते. हजारो ओळींत अशा जागा हुडकायच्या तर आधी चाचण्या लिहिलेल्या हव्यात, आणि चाचण्या लिहिण्याचा कंटाळा तर सर्वांनाच.

दोन विजांवर चालणाऱ्या लोकलची गंमत इथेही झाली. ‘सिक्स’ नावाची एक चिमुकली लायब्ररी निघाली, दोन गुणिले तीन म्हणजे सहा म्हणून हे नाव. तिच्या आधाराने एकच कोड दोन्ही आवृत्त्यांवर धावे. जुना कोड नवा करून देणारे ‘टू टू थ्री’ हे अवजार खुद्द पायथनसोबतच मिळायचे. ऑक्टोबर २०२४ मधल्या ३.१३ आवृत्तीतून तेही काढून टाकले गेले. परांची उतरवली, इतकेच.

आता पवईला येऊ. आयआयटी मुंबईत एरोस्पेस विभागातले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन हे ‘मायावी’ या लायब्ररीचे मूळ लेखक. हवेचा झोत विमानाच्या पंखाभोवती कसा वळतो, यासारखी आकड्यांच्या ढिगात दडलेली गोष्ट ती त्रिमितीत डोळ्यांसमोर उभी करते. नाव आपल्या मातीतले, वापर जगभरच्या प्रयोगशाळांत. पण मायावी स्वतः व्हीटीके या सी++ भाषेतल्या एका अवाढव्य अमेरिकी संचावर उभी आहे. व्हीटीकेने पायथन ३ ला पाठिंबा दिला २०१६ च्या सातव्या आवृत्तीत. त्याआधी पवईत कितीही रात्री जागवल्या असत्या तरी उपयोग नव्हता. पुढची गाडी सिग्नलला थांबली की मागच्या सगळ्या थांबतात. मायावीची पायथन ३ वर चालणारी ४.६ आवृत्ती आली २०१८ मध्ये. पायथन ३ जन्मल्याला तोवर दहा वर्षे होत आली होती. याला दिरंगाई म्हणणे अन्यायाचे होईल. साखळीतली प्रत्येक कडी आपल्या पुढच्या कडीची वाट पाहत होती.

पवईहून फार लांब नाही, विद्याविहारच्या नीलकंठ बिझनेस पार्कमध्ये फ्रॅपे ही कंपनी आहे. घरच्या फर्निचरच्या धंद्यात कारभाराचे सॉफ्टवेअर बसवताना तिचे संस्थापक रुषभ मेहता यांचे हात पोळले, आणि त्यातून ‘ईआरपीनेक्स्ट’ हे खुले सॉफ्टवेअर जन्मले. ते पायथनवरच आहे. तेराव्या आवृत्तीपासून त्यांनी पायथन २ सोडली, चौदाव्यापासून किमान ३.१० हवी अशी अट घातली. इथे प्राध्यापकाची हौस नाही, ग्राहकांची बिले आहेत. भागाकाराची गप्प चूक इथे परवडत नाही. कंपनीकडे पगारी माणसे होती म्हणून हे वेळेत जमले. ज्या लायब्रऱ्यांच्या मागे एखादाच माणूस नोकरी सांभाळून उभा असतो, त्यांचे काय?

दुखणे इथे आहे. उपनगरांतल्या किती कंपन्या या फुकटच्या रुळांवरून रोज धावतात आणि किती जणी गँगमनचा पगार देतात? डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीत सुरक्षेचे भगदाड सापडले तेव्हा जगातल्या बलाढ्य कंपन्या रातोरात घामाघूम झाल्या. ती सांभाळणारे मोजके स्वयंसेवक होते. नवे काही बनवणाऱ्याचा सत्कार होतो. बनवलेले टिकवणाऱ्याला ईमेल येतात: ‘अजून पायथन ३.१२ वर का चालत नाही?’ त्या आवृत्तीने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ‘डिस्टयुटिल्स’ हा लायब्रऱ्या बांधण्याचा जुना भागच काढून टाकला. मग जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची २.० आवृत्ती आली आणि तिच्यावर विसंबलेल्या कितीतरी लायब्रऱ्या पुन्हा बांधून घ्याव्या लागल्या. दम खायला सवड नाही.

पैशाची वाट थोडी उघडली आहे. झिरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. जर्मनीने २०२२ मध्येच सरकारी तिजोरीतून असा निधी उभारला. महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्याही खुल्या सॉफ्टवेअरवर कमी विसंबून नाहीत. निविदेत देखभालीचा एक टक्का मूळ लायब्रऱ्यांकडे वळवा, अशी अट घालायला कायदा बदलावा लागणार नाही.

आणि महाविद्यालये? शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आजही ‘ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली’ वर्षानुवर्षे त्याच फायलीतून निघते. काही प्रयोगशाळांत टर्बो सी++ या जुन्या कंपायलरची निळी खिडकी अजून उघडते. ती बाजारात आली १९९० मध्ये, सी++ चे पहिले प्रमाण ठरले १९९८ मध्ये. विद्यार्थी परीक्षा पास होतो आणि नव्या कंपायलरसमोर पहिल्याच ओळीला अडखळतो. त्यापेक्षा एखादी बंद पडत चाललेली लायब्ररी नव्या आवृत्तीवर आणून दिली तर पूर्ण गुण का देऊ नयेत? दुसऱ्याचा कोड वाचणे, चाचण्या लिहिणे, अनोळखी माणसाने काढलेल्या चुका निमूट सुधारणे, हे सगळे त्यात आपोआप येते. आयआयटी मुंबईच्याच फॉसी या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे कोडमध्ये उतरवणाऱ्या विद्यार्थ्यांना मानधन देऊन रस्ता कधीच दाखवला आहे. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल या शिकवणीच्या उपक्रमात पायथनचे धडे ३.४.३ आवृत्तीसाठी वेगळे केलेले आहेत. शिकवण्याचे साहित्यही आवृत्तीबरोबर हलवावे लागते, हे ज्यांना उमगले ते कामाला लागले.

पायथनची नवी आवृत्ती आता दर ऑक्टोबरला येते आणि प्रत्येकीला साधारण पाच वर्षांचे आयुष्य असते. फ्रॅपेने चौदाव्या आवृत्तीसाठी जी ३.१० किमान धरली होती, तिची मुदत ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते.