छंद शिकवणाऱ्यांनी रॅप ऐकू नये काय?

मराठीच्या प्राध्यापकांपुढे ‘रॅप’ हा शब्द उच्चारला की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक, ‘हे काव्यच नव्हे.’ दुसरी, ‘वा, वंचितांचा विद्रोह!’ पहिलीत तुच्छता आहे, दुसरीत कौतुक. पण शब्द ऐकण्याचे कष्ट दोन्हींनी टाळलेले आहेत. म्हणून आम्हांला दोन्ही अमान्य आहेत.

धर्मेश परमार ऊर्फ एमसी तोडफोड याचेच उदाहरण घेऊ. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या बहुभाषक समूहातला हा तरुण गुजरातीत रॅप करी. मार्च 2022मध्ये त्याचा ‘ट्रुथ अँड बास’ हा अल्बम आला आणि त्याच महिन्यात, वयाच्या 24व्या वर्षी, तो गेला. बातम्यांत तो ‘गली बॉयचा रॅपर’ म्हणून आला. त्याच्या शब्दरचनेची चिकित्सा आमच्या तरी वाचनात आली नाही.

ठेक्याच्या आवर्तनात अक्षरे किती बसवायची, श्वास कोठे तोडायचा, यमक ओळीच्या पोटात कसे पेरायचे, हा रॅपचा व्यवहार आहे. मात्रा, यती, अंतर्यमक ही त्याचीच आपली नावे. ओवीची अक्षरसंख्या शिथिल असते, जात्यावरची बाई ती गळ्याने सावरून घेते, हे आपण वर्गात सांगतोच. मग हा कान वर्गाबाहेर बंद का होतो?

गुजराती रॅपशी मराठी विभागाचा काय संबंध, असेही विचारले जाईल. तलासरी-डहाणूच्या सीमेवर हा प्रश्न शोभत नाही. याच ‘स्वदेशी’ने 2019मध्ये आरेतील प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ केले. ते नाव ऐकून गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांना आठवत नाही, त्यांनी 1945च्या वारली उठावावर व्याख्याने देऊ नयेत.

रॅपमध्ये आत्मप्रौढी आहे, शिवराळपणा आहे, पोकळ यमकेही पुष्कळ आहेत. ती जरूर नाकारावीत. पण ऐकून, कारणे देऊन.

एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी रॅप निवडला होता. ‘विषय बदला’ असा शेरा मारून विभागाने तो परत केला. शेरा मारणाऱ्यांपैकी कोणीही ती गाणी ऐकली नव्हती. त्या बैठकीत आम्हीही होतो, आणि गप्प बसलो होतो. हे टिपण त्या मौनाची भरपाई नव्हे. पुढच्या बैठकीत गप्प बसणार नाही, एवढेच आम्ही येथे लिहून देत आहोत.