दर्यातील पाहुणे

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाला की मच्छिमारांच्या होड्या समुद्रात उतरतात आणि थोड्याच दिवसांत घाटावरील पाहुण्यांची रीघ सुरू होते. बेळगाव-निपाणी भागातील कुटुंबे आणि शाळांच्या सहली आंबोली किंवा चोर्ला घाट उतरून मालवण, वेंगुर्ले, गोवे आणि कारवार गाठतात. हा शेजार जुना आहे. १९व्या शतकात बेळगावच्या छावणीचे बंदर वेंगुर्ले हेच होते. घाटमाथ्यावरील कापूस बैलगाड्यांनी तेथे येई आणि गलबतांत चढे. पुढे मुरगाव बंदर रेल्वेने जोडले गेले आणि तो व्यापार ओसरला.

आज त्या वाटेने येणारा पाहुणा बेटे आणि डॉल्फिन पाहावयास येतो. त्याचे स्वागतच आहे. किनाऱ्यावरील अनेक घरांची चूल त्याच्या येण्यावर पेटते. परंतु या पाहुणचाराची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

आपल्या किनाऱ्यालगत जे डॉल्फिन सहज दिसतात, ते पाठीवर उंचवटा असलेल्या जातीचे आहेत. जगातील धोक्यात आलेल्या प्राण्यांत त्यांची गणना होते आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्यांना संरक्षण आहे. गढूळ पाण्यात हा प्राणी डोळ्यांपेक्षा आवाजावर विसंबतो. भक्ष्य शोधणे आणि पिलाला सोबत ठेवणे हे सारे ध्वनीच्याच आधारे. शिडाची होडी त्याच्या जवळून गेली तरी त्याला फारसा उपद्रव नव्हता. आता चार-पाच यांत्रिक होड्या एकाच कळपाला घेरतात, तेव्हा त्या गोंगाटात त्याची काय अवस्था होत असेल?

दोष एकट्या होडीवाल्याचा नाही. ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे नाहीत’ अशी हमी जेथे दिली जाते, तेथे पाठलाग अटळच ठरतो. गिऱ्हाइकाने हमी मागावयाची आणि होडीवाल्याने पोटासाठी ती पुरी करावयाची, असा हा व्यवहार आहे. भाडे सफरीचे असावे, प्राण्याच्या दर्शनाचे नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एका वेळी एकच होडी, इंजिनाचा वेग मंद, कळपापासून निदान पन्नास मीटर अंतर आणि समोरून आडवे न जाणे, एवढे पाळले तरी पुष्कळ साधेल.

बेटांची गोष्टही निराळी नाही. वेंगुर्ल्यासमोरील खडकाळ बेटांच्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. या पाकोळ्यांविषयी आणि तेथील सुरय पक्ष्यांविषयी हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ साली लिहून ठेवले आहे. पूर्वेकडील देशांत या घरट्यांचे सूप केले जाते आणि त्याला मोठी किंमत येते. त्यामुळे घरट्यांची चोरी होत असे. या शतकाच्या आरंभी ती उघडकीस आली आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने घरट्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. चोराला अडविणे शक्य असते. परंतु विणीच्या काळात हौसेने गुहेत शिरणाऱ्याला कोण अडविणार?

मालवणच्या समुद्रातील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. उपजीविका जाईल या भयाने मच्छिमारांनी त्याला विरोध केला. दर्यावर जगणाऱ्यांना विश्वासात घेतल्यावाचून दर्याचे रक्षण होत नाही, हा त्यातील धडा आहे. तेव्हा नियम त्यांच्या सल्ल्याने व्हावेत, आणि ते महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक या तिन्ही राज्यांत एकच असावेत. मालवणचा डॉल्फिन गोव्याच्या पाण्यात शिरताना परवाना काढीत नाही. नकाशावरील रेषा आणि माणसांचे जगणे यांचा मेळ कसा बसत नाही, हे १९५६ पासून भोगणाऱ्या सीमाभागातील वाचकांना आम्ही वेगळे सांगावयास नको.

म्हणूनच त्यांच्याकडून आमची अपेक्षा अधिक आहे. होडीत बसताना ‘डॉल्फिन नक्की दिसेल ना?’ असे विचारण्याऐवजी ‘फार जवळ नेऊ नका’ असे त्यांनी सांगावे. गिऱ्हाइकाचा हा एक शब्द सरकारी फलकापेक्षा लवकर मानला जाईल. ज्या दर्याला आपण नारळ वाहतो, त्याच्या घरी आपण सारेच पाहुणे आहोत. मग घाटावरून आलेले असू की किनाऱ्यावर जन्मलेले.