डावा पाय का भरून येतो? पेण-रोह्याच्या रस्त्यावर क्लच, ब्रेक आणि सीटचं गणित

नवी गाडी घ्यायला गेलेला ग्राहक शोरूममध्ये तीन गोष्टी हमखास विचारतो. मायलेज किती, स्क्रीन केवढी आणि डिकीत किती सामान मावतं? क्लच दाबायचा नसेल तेव्हा डावा पाय कुठे ठेवायचा, हे मात्र कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर पुढे वडखळच्या रांगेत मिळतं, पोटरीत गोळा येतो तेव्हा.

मॅन्युअल गाडीत पेडलं जागची हलत नाहीत. हलते ती सीट. सीट पुरेशी हलत नसेल, तर चालकाची कंबर, गुडघा आणि टाच वाकडी होते. म्हणून सीटची उंची बदलण्याची सोय आणि पाय ठेवायची जागा ही टॉप मॉडेलची चैन नाही. ब्रेक वेळेवर लागण्याशी तिचा थेट संबंध आहे.

पेण-रोह्यात हा प्रश्न जास्त का जाणवतो?

मुंबई-गोवा महामार्गावरचा पळस्पे ते इंदापूर हा टप्पा ८४ किलोमीटरचा. त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून वळणरस्ते आणि खड्डे इथल्या चालकांच्या सवयीचे झाले. वडखळला अलिबागचा फाटा आणि डोलवीच्या पोलाद कारखान्याची अवजड वाहतूक. पुढे नागोठणं, सुकेळी खिंडीचा चढ आणि कोलाडहून रोह्याकडे वळलं की धाटाव एमआयडीसीचे टँकर. गणपतीच्या दिवसांत त्यात गावी निघालेल्या चाकरमान्यांच्या गाड्यांची भर पडते. पेणहून मूर्ती भरून निघालेला टेम्पो तर धक्का देऊन सोडताच येत नाही.

एक साधा हिशेब करून बघा. कोंडीत मिनिटाला चार वेळा क्लच दाबावा लागला, तर अर्ध्या तासात १२० वेळा. एका वेळी १० किलोचा जोर धरला, तर डाव्या पायाने अर्ध्या तासात एकूण १,२०० किलोचा जोर लावला. हे काम सरळ बसून करणं आणि कंबर वळवून करणं यात मोठा फरक आहे.

पेडलं अशाच क्रमाने का असतात?

डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर. हा क्रम पहिल्यापासून ठरलेला नव्हता. १९०८ मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये तीन पेडलं होती, पण डावं गिअरसाठी, मधलं रिव्हर्ससाठी आणि उजवं ब्रेकसाठी. ॲक्सिलरेटर हाताने चालायचा. आजची मांडणी १९१६ च्या एका कॅडिलॅकमध्ये दिसली आणि १९२२ मध्ये आलेल्या ऑस्टिन सेव्हनसारख्या छोट्या गाड्यांमुळे घराघरांत पोहोचली.

स्टिअरिंग उजवीकडे असो की डावीकडे, हा क्रम तोच राहतो. पण उजव्या स्टिअरिंगच्या छोट्या गाडीत एक अडचण येते. उजव्या चाकाचा घुमट पायाच्या जागेत शिरतो, त्यामुळे तिन्ही पेडलं थोडी डावीकडे सरकवावी लागतात. तिकडे मधला कन्सोल वाट अडवून बसलेला असतो. मग चालकाची छाती स्टिअरिंगसमोर, पाय मात्र तिरके.

डेड पेडल म्हणजे काय?

क्लचच्या डावीकडे पाय टेकवायला दिलेली तिरकी पट्टी म्हणजे डेड पेडल. ती काहीच चालवत नाही, म्हणून ‘डेड’. पण मोकळ्या रस्त्यावर डाव्या पायाला तिथे विसावा मिळतो आणि जोरात ब्रेक लावताना शरीराला आधार मिळतो. पट्टी नसेल तर पाय क्लचच्या मागे दुमडून राहतो, नाहीतर क्लचवरच टेकतो. टेकलेल्या पायाचा हलका दाबही क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग झिजवतो. प्लेट झिजत गेली की अनेक गाड्यांत पेडल जड होतं. म्हणजे आधी पाय दुखतो, मग खिसा, मग पुन्हा पाय.

सीट नीट लावायची कशी?

गाडी सुरू करण्यापूर्वी एवढं करावं:

• क्लच पूर्ण खाली दाबावा. तेव्हाही गुडघा थोडा वाकलेला हवा. पाय ताठ होत असेल किंवा कंबर पुढे घसरत असेल, तर सीट लांब आहे.

• उजवी टाच जमिनीवर ब्रेकच्या रेषेत टेकवावी आणि चवडा ॲक्सिलरेटरवर न्यावा. ब्रेकवर येताना संपूर्ण पाय शोधत फिरायला नको.

• छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवावं. एअरबॅग उघडायला तेवढी जागा लागते.

• आरसे सगळ्यात शेवटी लावावेत. सीट हलली की आरसेही बदलतात.

कमी उंचीच्या चालकाची खरी पंचाईत इथेच होते. क्लच पूर्ण दाबायला सीट पुढे घ्यावी, तर छाती स्टिअरिंगजवळ जाते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, पण सीट वर-खाली करण्याची सोय अनेक गाड्यांच्या बेस मॉडेलमध्ये मिळत नाही. मग पाठीमागे उशी लावून भागवलं जातं. त्याचा फटका अनेक महिला चालकांना बसतो.

मॅट आणि चपलेचा काय संबंध?

कोकणातल्या पावसात चिखल आलाच, म्हणून मूळ मॅटवर रबरी मॅट टाकली जाते. ती पुढे सरकली की पेडलखाली जाते. २००९ मध्ये अमेरिकेत मॅटमध्ये ॲक्सिलरेटर अडकण्याच्या धोक्यामुळे टोयोटाने सुमारे ३८ लाख गाड्यांबाबत रिकॉल जाहीर केला होता. तेव्हा मॅट एकच आणि हुकात अडकवलेली असावी. ओली, सैल स्लिपर पेडलच्या कडेला अडकते. पायात मागे पट्टा असलेली सँडल बरी.

लायसन्सच्या परीक्षेत हे येतं का?

पेणला उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. ‘एमएच ०६’ ही पाटी इथलीच. परीक्षेत उमेदवाराने काय करून दाखवायचं, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १५ मध्ये दिलं आहे. आरसा लावणं, उतारावर झटकन खालचा गिअर टाकणं, चढावर थांबून गाडी मागे न सरकू देता पुन्हा निघणं, हे सगळं त्यात आहे. चढावरची ही कसरत क्लच आणि ब्रेकचीच. पण ती ज्या सीटवर बसून करायची, ती आपल्या मापाची लावून दाखवणं त्या यादीत नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये खासगी कारसाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष १० तास चालवणं बंधनकारक आहे. त्यातली पहिली १५ मिनिटं बसायला शिकवण्यात गेली, तर काहीही बिघडणार नाही.

‘ऑटोमॅटिक घ्या’ हे उत्तर आहे का?

ज्याला परवडतं त्याच्यासाठी आहे. पण त्याच मॉडेलची ऑटोमॅटिक गाडी सहसा महाग असते, आणि सेकंडहँड कार घेणारा, टेम्पो चालवणारा, भाड्याची गाडी हाकणारा बहुतेकदा मॅन्युअलवरच असतो. दिवसभर क्लच दाबणाऱ्या माणसालाच पाय ठेवायला जागा नसावी, हे उलटं गणित आहे.

चाकाचा घुमट हलवणं कंपन्यांना सोपं नाही, हे मान्य. सीटची उंची बदलणारा लिव्हर आणि डाव्या पायाची पट्टी मात्र बेस मॉडेलमध्ये देता येते. ग्राहकाने मागितलं, तर ती मिळेलही. टेस्ट ड्राइव्हला जाताना रोजची चप्पल घालून जावं, घरात जो जो गाडी चालवणार त्या प्रत्येकाने सीटवर बसावं, क्लच २० वेळा दाबावा आणि मग सेल्समनला विचारावं, ‘आता डावा पाय कुठे ठेवू?’