भंगारातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची कला : आधी काय उघडू नये ते ठरवा

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत आणि गणपतीच्या आरासीत आता कीबोर्डची बटणे, मदरबोर्ड, जुन्या वायरी दिसू लागल्या आहेत. ही कला वाढावी असे मनापासून वाटते, म्हणूनच शाळा आणि महापालिकांपुढे हे मुद्दे.

१. मुलांच्या हाती स्क्रूड्रायव्हर देऊन ‘खोला’ म्हणणे थांबवा. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब वीस हजारांहून अधिक व्होल्टवर चालते. प्लग काढल्यावरही तिच्यात भार साठून राहू शकतो. तिच्या काचेत शिसे असते आणि आत निर्वात पोकळी, त्यामुळे फुटली तर तुकडे उडतात. मायक्रोवेव्हमधल्या कपॅसिटरचा धक्का जीव घेऊ शकतो. या दोन वस्तू शाळेच्या दारातूनच परत पाठवाव्यात.

२. मोबाइल-लॅपटॉपच्या बॅटऱ्या शिल्पात नकोतच. टोचल्या, वाकवल्या तर पेट घेतात.

३. सगळ्यांना भुरळ पडते ती हिरव्या सर्किट बोर्डाची. अख्खा बोर्ड चिकटवावा, नंतर हात साबणाने धुवावेत; धोका आहे तो कापण्यात, घासण्यात आणि जाळण्यात. काचतंतूंची धूळ फुप्फुसात जाते, तापवल्यावर ब्रोमीनयुक्त रसायनांचा धूर निघतो. नव्या उपकरणांतील शिशावर आपल्याकडे ०.१ टक्क्याची मर्यादा लागू झाली ती मे २०१४ पासून. त्याआधीच्या बोर्डांच्या डाखात शिसे आहे असेच धरून चालावे. मुलांच्या मेंदूला शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. तांब्यासाठी वायर जाळणे तर पूर्ण बंद हवे, कारण पीव्हीसीच्या धुरात डायऑक्सिन असतात. आवरण स्ट्रिपरने सोलता येते.

४. तरीही कलावंताला भरपूर उरते : बटणे, हीट सिंक, पंखे, रिबन केबल, स्पीकरच्या जाळ्या. हार्ड डिस्कची चकाकती तबकडी मात्र जपून. लॅपटॉपमधली बऱ्याचदा काचेची असते.

५. शिल्प झाले म्हणून कचरा संपला नाही. कलावंत नाम जून पाइक यांनी १९८८ मध्ये दक्षिण कोरियात १००३ टीव्हींचा मनोरा उभारला. टीव्ही जुने झाल्याने सुरक्षेसाठी तो २०१८ मध्ये बंद करावा लागला आणि दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उजळला. एवढी निगा शाळेला परवडणार नाही. प्रदर्शन संपल्यावर शिल्प घंटागाडीत न टाकता नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच गेले पाहिजे.

६. महापालिकेने ई-कचरा संकलन केंद्रांत कलेसाठी वेगळी पेटी ठेवावी. बॅटरी, कपॅसिटर काढून तपासलेले भागच तिच्यात असावेत. हे काम जाणणारे दुरुस्ती कारागीर आणि भंगारवाले आपल्या गल्लीतच आहेत. त्यांना मोजून मेहनताना, हातमोजे, मास्क आणि हवेशीर जागा द्यावी. मुलांच्या वाट्याचा धोका त्यांच्या माथी मारून भागणार नाही.