रस नाही म्हणे!

"मुलाला सायन्समध्ये रसच नाही हो, म्हणून मार्क पडत नाहीत." आमच्या चिंचवडात हे वाक्य कानावर आलं की माझं डोकंच फिरतं. अहो, रस काय मुलं जन्मतःच घेऊन येतात? चाकणला दिवसभर मायक्रोमीटर हाताळणाऱ्या बापाचा मुलगा शाळेत 'साहित्य, कृती, निष्कर्ष' फळ्यावरून उतरवून घेतो. प्रयोग न करताच निष्कर्ष! (गाईड पाठ करून मार्क मिळतातही कधीकधी. दहावीनंतर सगळं साफ.)

इथल्याच टेल्कोतले इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण-चौकोन केले. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण ढिम्म हलत नाही. हे एकदा बोटांना कळलं की पुलाला एवढे त्रिकोण कशाला, असं मूल आपणहून विचारतं. खर्च जवळजवळ शून्य.

आपल्याकडे २०१३ पासून सायन्स पार्क आहे. वर्षातून एकदा तिथे रांगेत फिरवायचं, आणि वर्गात परत "गप्प बसा, लिहून घ्या"! प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, एवढं तरी शाळेत विचारून बघा.